अंगठ्याकडे प्लस

"काकू, तुम्ही जरा बाजूला बसा की. मला उस्तादांचा हात बघू द्या," आमच्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन बसलेले दवाखान्याचे साहेब म्हणाले.

बाजूला बसून कसं चालेल? यांचे डोळे मीच. दीड वर्ष झालं, यांना माणूस दिसतो, त्याचा शर्ट दिसतो, पण यंत्राच्या बोर्डावर बसवायच्या इवल्याशा कपॅसिटरवरची प्लस-मायनसची बारीक खूण दिसत नाही. भिंगानंही हात टेकले. आणि प्लसच्या जागी मायनस गेला की तो मेला फुटतो, बोर्डाचं वाटोळं करतो. म्हणून आमची युक्ती: सुटा भाग मी यांच्या तळहातावर ठेवायचा, प्लस अंगठ्याकडे. गिऱ्हाइकांना वाटतं, काय ती बायको, नवऱ्याला सगळं हातात देते! वाटू दे.

"मी नसले तर यांना पाण्याचा पेलासुद्धा सापडत नाही," मी हसत म्हटलं आणि तिथंच ठाण मांडलं.

टेबलावर तान्ह्या बाळांना ऊब देणाऱ्या पेटीचा बोर्ड होता. साहेबांच्या पायाशी आणखी तीन बोर्डांचं खोकं. हे काम पसंत पडलं तर तेही आमचे, नाहीतर दुकानाला कुलूप. दुसरं गिऱ्हाईक उरलंच होतं कुठे? बोर्डावरच्या खुणा मी सकाळीच यांना सांगून ठेवल्या होत्या. हवा तो कपॅसिटर मात्र जुन्या डब्यात मिळाला, पाय कापलेला. नव्याचा लांब पाय म्हणजे प्लस, तो यांच्या बोटांना कळतो. याला नुसती पट्टी होती. पट्टी म्हणजे मायनस, हे यांनीच शिकवलेलं. पट्टी करंगळीकडे करून मी तो यांच्या हातावर ठेवला.

यांनी तो अंगठ्यानं चाचपला आणि हे थांबले.

"काय झालं उस्ताद?"

यांनी तो पुन्हा चाचपला. अहो, लावा ना!

"अगं," हे शेवटी म्हणाले, "हा थेंबासारखा आहे. पट्टी कुठल्या बाजूला ठेवलीस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "करंगळीकडे," मी पुटपुटले.

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्या डोळ्यांकडे. "उस्ताद, तुम्हाला दिसत नाही?"

"खुणा नाही दिसत. पण आत बाळ असणार साहेब. अंदाजानं नाही लावणार मी."

यांनी कपॅसिटर उलटा फिरवून बसवला, कथलाचा डाग दिला, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला आणि लागून राहिला.

"काम चोख आहे," साहेब म्हणाले. बोर्ड घेतला. मग खोकंही उचललं. "पण मला वरती उत्तर द्यावं लागतं हो."

ते गेल्यावर मी रडले, मग यांच्यावरच उखडले. "गप्प बसून लावला असता तर काय बिघडलं असतं?"

"फुटला असता. या थेंबांचं उलटं असतं."

"मग मला शिकवलं का नाहीत?"

"वर्षात एखादा येतो गं. राहून गेलं."

यांनी डबा टेबलावर उपडा केला, चाचपत चाचपत दुसरा थेंब शोधला आणि माझा हात ओढून तळहातावर ठेवला. "यात पट्टी म्हणजे प्लस. तुझ्या अंगठ्याकडे ठेवलाय, बघ. बरोबर आहे ना?"

पट्टी करंगळीकडे होती.

"बरोबर आहे," मी म्हटलं आणि हळूच ती फिरवून घेतली.