पहिल्या दाव्यातले अंतर

आप्पांच्या बहिणीला एकदम जुळी नातवंडे झाली आणि पाळणा एक, पोरे दोन अशी घरात तारांबळ उडाली, त्या वर्षी आप्पांनी पेटंटचा अर्ज केला.

आप्पांचा मुलामा देण्याचा कारखाना होता. यंत्रांचे दांडे, पंपांचे दट्टे, छापखान्यांचे रूळ तिथे गंजके, ओरखडलेले येत आणि क्रोमच्या टाकीत बुडून आरशासारखे होऊन बाहेर पडत. टाकीतले पाणी गरम आणि काळपट तांबडे. वीज सोडली की ते फसफसते, बारीक बुडबुडे फुटतात आणि पिवळसर धुके वर चढते. ते धुके काम करणाऱ्याच्या नाकात जाते. वर्षानुवर्षे टाकीवर उभे राहिलेल्या माणसाच्या नाकातला मधला पडदा झिजतो आणि एक दिवस त्याला भोक पडते. दुखत नाही. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते, इतकेच.

आप्पांच्या धाकट्या भावाची अशी शिट्टी वाजे. सगळा कारखाना त्याला शिट्टी म्हणे आणि तोही त्या नावाला ओ देई. "माझा फायदाच आहे," तो म्हणे. "मी येतोय हे आधी कळतं, म्हणून पोरं वेळेवर विड्या विझवतात. उगाच कुणाला ओरडावं लागत नाही."

पण शिट्टीबरोबर खोकलाही होता, आणि तो ऐकून आप्पांची झोप उडायची. शेवटी त्यांनी एक यंत्र बनवले. टाकीच्या दोन्ही काठांवर दोन लांब नळ, नळांना लांबीभर चीर. एका नळातून वारा हळूच बाहेर येई, समोरचा नळ तो धुक्यासकट ओढून घेई. दोन्ही नळ तरंगत्या डब्यांवर बसवलेले, म्हणजे टाकीतले पाणी कमीजास्त झाले तरी नळ पाण्यापासून तेवढ्याच उंचीवर राहत. सगळी कला त्या उंचीत होती. नळ फार खाली आला तर तो टाकीतले पाणीच पिऊ लागे, फार वर गेला तर धुके त्याच्या खालून सटके आणि थेट माणसाच्या तोंडावर येई. धाकट्या भावाने, म्हणजे काकाने, यंत्राचे नाव हुंगणी ठेवले. "आता आपल्या वाटचं ही हुंगते," तो म्हणाला. हुंगणी बसली आणि दोन महिन्यांत त्याचा खोकला निम्म्यावर आला.

आप्पांची लेक एका पेटंटवाल्या बाईंच्या कार्यालयात यंत्रांची चित्रे काढायची. तिनेच आप्पांच्या मागे लागून अर्ज करायला लावला. चित्रे तिने काढली, दावे बाईंनी लिहिले. दावा म्हणजे अर्जातला तो भाग, जिथे यंत्रातले नेमके काय आपले आहे ते सांगायचे असते. अर्ज जाईपर्यंत यंत्र कुणाला दाखवू नका, असे बाई म्हणाल्या. आप्पांनी त्याच दिवशी हुंगणी टाकीवरून उतरवली, गोणपाटात गुंडाळली आणि कोठीत ठेवून कुलूप लावले. अर्ज गेला. कुलूप तसेच राहिले.

लेकीने विचारले तेव्हा ते म्हणाले, "पेटंट हातात पडू दे, मग बसवू."

"आप्पा, अर्ज केला त्या दिवसापासूनच आपला हक्क धरला जातो. आता कुणी बघितलं तरी काही बिघडत नाही."

"हक्क कागदावर. समोरच्याने कागद वाचून चोरी केली नव्हती."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडच्या कारखान्याचा मालक. एके काळी तो आप्पांच्याच हाताखाली होता. टाकीत कोणती भुकटी किती टाकायची ते त्याने नुसते बघून बघून शिकून घेतले आणि समोरच पाटी लावली. तेव्हापासून आप्पा भुकटी स्वतः टाकत, आणि ती टाकताना सख्ख्या भावाकडेही पाठ करत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आप्पा पाणीसुद्धा फुंकून पीत होते.

काका मात्र पुन्हा उघड्या टाकीवर उभा राहिला.

पुढच्या वर्षी पेटंट कार्यालयाकडून हरकती आल्या. बाईंनी लेकीला समोर बसवून एकेक वाचून दाखवली. चित्रात सात हा आकडा डब्यालाही दिलेला होता आणि नळालाही. चौथा दावा सहाव्याच्या आधारावर उभा होता आणि सहावा चौथ्याच्या.

"दोन दारुडे एकमेकांना धरून चाललेत," बाई म्हणाल्या. "ही चूक माझी. आज दुरुस्त करते. नवव्यात अर्धं यंत्र आहे आणि अर्धी ते वापरायची रीत, ते वेगळं करू. ही सगळी किरकोळ दुखणी. खरं दुखणं पहिल्या दाव्यात आहे."

पहिल्या दाव्यात लिहिले होते, की नळाची चीर द्रवाच्या पृष्ठभागापासून 'योग्य अंतरावर' राहील. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने त्या दोन शब्दांवर बोट ठेवले होते. योग्य म्हणजे किती? दुसऱ्या कुणी असे यंत्र केले, तर तो या दाव्याच्या आत आला की बाहेर राहिला, हे त्याला कसे कळावे? दावा स्पष्ट नाही, या रूपात मंजूर होणार नाही.

"मी तेव्हाच आप्पांना विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "ते म्हणाले, माप असं काही नसतं, जागेवर लावायचं असतं. मी मान डोलावली. तीही चूकच झाली."

"मग आता त्यांच्याकडून माप घेऊन लिहू या की."

"ते नाही चालायचं. पहिल्या दिवशी अर्जात जे नव्हतं, ते आज आत घालता येत नाही. पण तू चित्र मापाने काढलं आहेस ना? टाकीची रुंदी आणि नळाची उंची, दोन्ही?"

"आप्पांनी सांगितली तशीच काढली. खाली प्रमाणही लिहिलंय."

"मग वाट आहे. चित्रात जे दिसतं ते शब्दांत उतरवू. उंची म्हणजे रुंदीचा अमुक भाग. फक्त आप्पांना एकदा विचार, चित्रातलं अंतर खरं आहे ना. उत्तराला मुदत आहे, पण काम सोपं आहे."

लेक आनंदात कारखान्यात गेली. काका टाकीवर वाकून दांडा आकड्याला अडकवत होता. तोंडाला फडके बांधलेले, फडक्यावर पिवळा डाग. तिला बघून त्याने फडके खाली ओढले.

"काय गं पोरी, आली का आमच्या हुंगणीची सुटका?"

"येईल. आप्पांनी एक हो म्हटलं की आली."

"मग नाही येत," काका म्हणाला आणि हसता हसता खोकू लागला. खोकला लवकर थांबला नाही. टाकीच्या काठाला धरून तो उभा राहिला. थुंकी त्याने फडक्यात घेतली आणि फडके चटकन घडी करून खिशात घातले. लेकीने ते पाहिले.

"काका, डॉक्टरकडे गेला होतास?"

"गेलो होतो. टाकी सोड म्हणाला. मी म्हटलं, टाकीनं सोडलं तर सोडतो."

आप्पा आत तराजूपाशी होते. तिने त्यांना सगळे नीट समजावले आणि विचारले, "चित्रातलं अंतर खरं आहे ना?"

आप्पांनी वजने एकात एक रचून ठेवली. "चित्रात आहे ते आहे."

"हो म्हणा किंवा नाही म्हणा. बाईंना लिहायचंय."

"एवढं उघडं करून लिहायचं कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या समोरचा फूटपट्टी घेऊन बसेल."

"आप्पा, मूठ उघडल्याशिवाय ते हक्क देत नाहीत. सगळ्यांना नीट सांगायचं, त्याच्याच बदल्यात हक्क मिळतो. आणि काका तिकडे रक्त थुंकतोय."

"मला काय दिसत नाही?" आप्पा एकदम ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तो माझा भाऊ आहे. तू मध्ये पडू नकोस."

"मग हुंगणी तरी बसवा."

"पेटंट येऊ दे."

ती त्यानंतर कितीदा तरी गेली. दर वेळी आप्पा काहीतरी दुसरे काढत. कधी विजेचा दाब कमी आहे, कधी गिऱ्हाईक बसले आहे. तिला वाटले, म्हातारा हट्टाला पेटला आहे. त्या हट्टाखाली आणखी काही असेल, असे तिच्या मनातही आले नाही. मुदत सरत आली. बाईंनी एकदा वाढवून घेतली.

मग काका टाकीवरच कोसळला. तोल मागे गेला म्हणून वाचला, पुढे गेला असता तर टाकीत पडला असता. इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काकूला आणि आप्पांना खोलीत बोलावले, फुप्फुसाचे चित्र उजेडावर धरले आणि गाठीचा पांढरा डाग दाखवला. बाहेर आल्यावर आप्पांशी काकू एकच वाक्य बोलली. "भाऊजी, तुमचं ते यंत्र कोठीत सुखरूप आहे ना?"

दुसऱ्या दिवशी आप्पा बाईंच्या कार्यालयात आले. कामाचे कपडे अंगावर तसेच होते. बाईंच्या टेबलावर त्यांनी खिशातून काढून एक लाकडी ठोकळा ठेवला. कडा हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या.

"हे अंतर," ते म्हणाले. "पाणी आणि चीर यांच्यामध्ये हा सरकवायचा. आमच्या टाकीला एवढा. टाकी दुप्पट रुंद, तर ठोकळा दुप्पट. घ्या लिहून."

लेकीने घाईघाईने अर्जातले चित्र बाहेर काढले, ठोकळा मोजला, प्रमाण लावले. पुन्हा लावले. चित्रातले अंतर ठोकळ्याच्या दुपटीहून जास्त होते.

"आप्पा, हे जुळत नाही."

आप्पा भिंतीकडे बघत होते.

"तुम्हीच सांगितलं होतं मला माप. मी टाकीशेजारी उभी राहून लिहून घेतलं होतं."

"सांगितलं होतं."

"मग?"

"आमच्या धंद्यात खरं माप कुणी देत नाही," आप्पा म्हणाले. "कुणी विचारलं की थोडं इकडचं तिकडचं सांगायचं. माझ्या बापाने मला तसंच सांगितलं, मी दहा कामं बिघडवली तेव्हा खरं सापडलं. तू विचारलंस आणि तोंडातून तसंच गेलं. ठरवून नाही गेलं. मग घरी जाऊन वाटलं, बरंच झालं, चित्र सगळ्यांना दिसणार आहे."

"आणि मी विचारायला आले तेव्हा?"

"पोटच्या पोरीला खोटं सांगितलं, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

बाईंनी चष्मा काढून ठेवला. त्या शांतपणे बोलल्या, पण एकेक शब्द दगडासारखा पडत होता. "चित्रातलं अंतर दाव्यात घातलं, तर दावा स्पष्ट होईल. पण त्या अंतरावर तुमचं यंत्र चालत नाही. ठोकळ्याचं घातलं तर यंत्र चालेल, पण ते नवीन धरतील आणि काढून टाकतील. 'योग्य' तसंच ठेवलं तर नामंजूर. नवा अर्ज करायचा, तर तुमचा जुनाच छापून झालाय, तो आडवा येणार. भांडता येईल, पण वर्षं जातील."

"वर्षं कुठून आणू?" आप्पा म्हणाले. "त्याच्याकडे वर्षं नाहीत."

लेकीला रडू आले नाही. राग आला होता, आणि तोही कुणावर काढावा हे कळत नव्हते. "काकासाठी पेटंट लागतच नव्हतं, आप्पा," ती म्हणाली. "किल्ली लागत होती. ती तुमच्या कमरेला होती."

आप्पांनी ठोकळा उचलला आणि निघाले. लेक त्यांच्या मागोमाग गेली. त्या दुपारी दोघांनी मिळून हुंगणी कोठीतून काढली. गोणपाट डब्यांना चिकटले होते, ते खरवडून काढावे लागले. आप्पांनी कारखान्याचे मोठे दार उघडेच ठेवले. समोरचा त्याच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला, बराच वेळ बघत राहिला. आप्पांनी त्याच्याकडे पाठ केली नाही. सगळ्यांच्या समोर ठोकळा सरकवून नळ लावले आणि वीज सोडली. पिवळे धुके काठावरून वाकले आणि चिरेत गेले. टाकीवर नवा माणूस उभा होता. त्याला यात काही विशेष वाटले नाही. त्याने विचारले, "हे आधीपासूनच होतं का?"

संध्याकाळी लेक इस्पितळात गेली. काकाच्या नाकाला नळी लावली होती. काकू पायाशी बसून पांघरुणाची कड उगाच सारखी करत होती.

"बसवली?" काकाने विचारले.

"बसवली. छान ओढतेय."

"दादाने दार लावून घेतलं होतं?"

"नाही. उघडं होतं. समोरचाही बघत होता."

"म्हणजे दादा फारच घाबरलाय," काका म्हणाला. "त्याला सांग, माझ्या नाकाची काळजी करू नको. तिथे आधीच मधली भिंत पाडून दोन खोल्यांचं एक दालन झालंय." काकू हसली नाही. काका दम घेऊन पुढे म्हणाला, "नव्या माणसाला म्हणावं, पाणी खाली गेलं तर डबे अडकतात डाव्या बाजूला. हाताने हलवायचे. दादा हे सांगायचा नाही."

"सांगते."

"आजच सांग."

ती इस्पितळातून परत कारखान्यात गेली आणि नव्या माणसाला सांगून आली.

बाईंनी मुदतीत उत्तर पाठवले. आकडे दुरुस्त केले, चौथा आणि सहावा दावा वेगळे केले, नववा फोडून दोन केले. पहिल्या दाव्याबद्दल जेवढे लिहिता येईल तेवढे लिहिले. अर्ज नामंजूर झाला. कारण एका ओळीचे होते: दावा स्पष्ट नाही.

तो कागद यायच्या आधीच काका गेला. फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी, सकाळी, इस्पितळात. वय बावन्न. आप्पा त्यानंतर चार वर्षांनी, पावसाळ्यात वारले, त्याच दुखण्याने.