पान एकशे सातवरचा शब्द

मी एक पुस्तक बोलतोय. व्हिडिओ गेमच्या इतिहासाचं पुस्तक. मुखपृष्ठावर लाल जॉयस्टिक, आत भरपूर चित्रं. पुण्यातल्या छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा ताज्या शाईच्या वासानं मीच हुरळून गेलो होतो. छापलंय म्हणजे खरंच असणार, अशी माझी समजूत.

ती पहिल्याच वाचकानं मोडली. दुकानात उभ्या उभ्या मला चाळताना तो पुटपुटला, "हे साल चुकलं. आणि हा फोटो भलत्याच मशिनचा आहे." मला थोडं वाईट वाटलं, पण झोप उडाली नाही. साल एक वर्षानं पुढंमागं झालं म्हणून कुणाच्या घरी चूल विझत नाही.

झोप उडवली ती पान एकशे सातनं.

नांदुऱ्याचा दीपक पुण्यात नोकरीला असतो. त्यानं ते पान पाहिलं आणि दुकानातच ओरडला, "आपल्या प्रेमभाऊचं नाव!" त्याच दिवशी त्यानं मला विकत घेऊन कुरिअरनं गावाकडं धाडलं.

प्रेम इंगळेचं नांदुऱ्यात स्टेशनरोडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं हात पुसले, मला उघडलं आणि वाचलं, 'वऱ्हाडातल्या कॉम्प्युटर क्लासांमध्ये गाजलेला शंकरपट हा बैलांच्या शर्यतीचा गेम नांदुऱ्याच्या प्रेम इंगळे यांनी एकट्यानं बनवला.'

त्याचा चेहरा खुलायला हवा होता. तो उतरला. 'एकट्यानं' या शब्दावर त्यानं बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

माझ्या पहिल्या पानावर प्रकाशकाचा नंबर होता. तिथून लेखकाचा मिळाला.

"सर, मी एकटा नव्हतो," प्रेम फोनवर म्हणाला. "बैलं मी काढली, त्याह्यले हाकणारा धुरकरी मी काढला. पण त्याह्यले पळवलं माह्या दोस्तानं, फहीमनं. सारा प्रोग्राम त्याचा. तो नसता तं माही बैलं अजून तिथीच उभी असती."

"अहो, मी ते एका वेबसाइटवरून घेतलं," लेखक ओशाळून म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत नक्की दुरुस्त करतो."

"पुढची आवृत्ती कधी?"

"ही संपली की."

ही काही लवकर संपणारी नव्हती. माझी भावंडं गठ्ठ्यांनी पडून होती, ते मला ठाऊक होतं.

फहीम आता नाही. मुलगी लहान असतानाच काविळीनं गेला. त्याची आई फातिमा आणि मुलगी शाइस्ता रेल्वेफाटकापलीकडं राहतात. पोरांचा गेम पुस्तकात आला ही बातमी फातिमापर्यंत पोचलीच. तिनं निरोप धाडला, 'पुस्तक घेऊन ये.'

दुपारी प्रेम मला घेऊन गेला. फातिमानं त्याला खाटेवर बसवलं.

"वाच ना बेटा. मराठी मी बोलते, पण माह्यं वाचणं उर्दूचं."

प्रेमनं पान एकशे सात उघडलं. अंगठ्याचा घाम मला लागला. मग तो स्वच्छ आवाजात वाचू लागला, "शंकरपट हा गेम नांदुऱ्याच्या फहीम आणि प्रेम या दोन मित्रांनी बनवला."

मी नखशिखांत शहारलो. माझ्यात नसलेलं वाक्य माझ्या तोंडी घातलं जात होतं, आणि ते माझ्यातल्या वाक्यापेक्षा खरं होतं!

फातिमानं मला डोळ्यांना लावलं. "फहीमचं नाव आधी लिवलं?"

"हाव, अम्मी. आधी."

"मंग राहू दे माह्याजवळ थोडे दिवस."

प्रेमला नाही म्हणता आलं नाही.

त्यानंतर मला चैन कसली? येईल त्याच्या हातात फातिमा मला द्यायची. शेजारच्या सुभद्राबाई एकेक पान उलटत शंभरापर्यंत आल्या, तेव्हा माझी पानं एकमेकांना चिकटावीत असं वाटलं. तेवढ्यात त्यांचं दूध उतू गेलं आणि त्या पळाल्या. पण रोज रोज कुणाचं दूध उतू जाणार?

शनिवारी शाइस्ता खामगावच्या कॉलेजातून घरी आली. "अब्बूचं वाच," आजी म्हणाली. शाइस्तानं पान काढलं. वर पाहिलं, खाली पाहिलं, पाठचं पान उलटून पाहिलं. नाव कुठंच नव्हतं. मग तिनंही वाचलं, "फहीम आणि प्रेम या दोन मित्रांनी..."

लगेच मला ओढणीखाली घेऊन ती प्रेमच्या दुकानात पोचली.

"चाचा, यात अब्बू कुठी हायेत?"

प्रेमनं मान खाली घातली. लेखकाचं बोलणं सांगितलं. "अम्मीसमोर तोंड उघडलं, अन् तेच निंघालं."

"माह्याही तोंडून तेच निंघालं. पण उद्या दुसऱ्या कोणी वाचलं तं? दादीले वाटन, आपण दोघं मिळून तिले फसवून राह्यलो."

दोघं तसेच फाटक ओलांडून घरी आले. प्रेमनं खाटेपाशी जमिनीवर बसून सगळं सांगितलं. एक मालगाडी गेली, घरातली भांडी थरथरली. मग फातिमानं मला मागून घेतलं आणि त्याच्यापुढं उघडं धरलं.

"कोण्या शब्दानं माह्या पोराले काढलं, तो दाखव."

प्रेमनं दाखवला.

"खोड."

त्यानं पेननं 'एकट्यानं' वर रेघ मारली. मला दुखलं नाही. उलट घशात अडकलेलं काही निघाल्यासारखं वाटलं. फातिमानं त्याच्या हातातून पेन घेतलं, मला मांडीवर ठेवलं आणि समासात, उजवीकडून डावीकडं, सावकाश आपल्या मुलाचं नाव लिहिलं.

मग ती रडली. प्रेमच्या खांद्याला धरून रडली.

आता मी त्यांच्याच घरी आहे. मी शांत झालो असतो, पण परवा शाइस्तानं मोबाइलवर एक लेख वाचला. कुणीतरी माझाच दाखला देऊन पुन्हा लिहिलंय, 'एकट्यानं.' माझी भावंडं गावोगावच्या वाचनालयांत तेच सांगत बसलीत. त्यांना काय ठाऊक?

म्हणून तुम्हाला हात जोडतो. लाल जॉयस्टिकचं पुस्तक कुठं सापडलं तर पान एकशे सात काढा. वाचनालयाचे लोक रागावतील, रागावू द्या. तो शब्द खोडा आणि शेजारी फहीम लिहा. समासात तेवढी जागा आहे.