फोर म्हणायचं होतं

पहिल्याच रविवारी मी सांगितलं होतं, "इथं तोंड बंद ठेवायचं." समोरचा बॉल मारायला उभा राहिला की बोलायचं नाही, हलायचं नाही, त्याच्या वाटेवर आपली सावली पडू द्यायची नाही. अमेरिकेचे साहेब येणार, त्यांच्याबरोबर गोल्फ खेळता यावं, म्हणून एका सॉफ्टवेअर कंपनीनं सहा जणांना माझ्याकडे शिकायला धाडलेलं. पाच जणांचं सगळं लक्ष मोबाइलमध्ये. सहावा शुभंकर, नारायण पेठेतला. तो एकटा वहीत लिहून घ्यायचा. मी याच मैदानावर पंधरा वर्षं लोकांच्या बॅगा वाहिल्यात हे कळल्यावरही मला सर म्हणायचा. गुणी पोरगा हो, खोटं कशाला बोलू!

मैदानावर गवत काढायला बाया होत्या. त्यांत माझी थोरली बहीण, सोजरबाई. तिचा डावा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला. उजव्यावर तिचं सगळं चालायचं. खुरपं, चूल, नातीची वेणी, सगळं. तिच्याकडून आणि बाकीच्या बायांकडून मी एकच गोष्ट घोकून घेतली होती: "'फोर' ऐकू आलं की बघत बसायचं नाही. मटकन खाली बसायचं, डोकं दोन्ही हातांत." फोर म्हणजे काय ते मलाही ठाऊक नाही. गोऱ्यांचा शब्द आहे. बॉल माणसाच्या दिशेनं चालला की तो ओरडायचा, एवढंच मला माहीत. बाया हसायच्या, पण बसायच्या. आक्का तर सगळ्यांच्या आधी बसायची.

चौथ्या रविवारी पोरांना तो शब्द शिकवायला घेतला.

"ओरडा!" म्हटलं. सहाही जण एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी शुभंकर "फोर" म्हणाला, वाचनालयात पुस्तक मागावं तसा.

"अरे, मोठ्यानं! घसा बसलाय का?"

"सर, तीन आठवडे तुम्हीच गप्प राहायला शिकवलंत," तो म्हणाला. बाकीचे खिदळले. आधीच ऊन डोक्यावर आलेलं, त्यात ही थट्टा. माझं डोकंच सटकलं.

"मरू दे तो शब्द," मी म्हणालो. "काहीही ओरडा. ओरडल्याशी मतलब."

हे मीच म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही.

पुढच्या अर्ध्या तासात शुभंकरनं जोरात बॉल मारला. मी पाठमोरा होतो, दुसऱ्याची पकड नीट करत होतो. बॉल उजवीकडे वळला. तिकडे कडेला आक्का ओणवी होऊन गवत काढत होती. मला पोराचा आवाज ऐकू आला, चांगला खणखणीत.

"अहो मावशी! अहो, बघा!"

आणि आक्कानं वळून बघितलं.

उजवा डोळा वाचणार नाही, असं डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. बाहेर शुभंकर भिंतीला टेकून उभा होता. "सर, मी ओरडलो होतो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटलं. पण हात उचलेना. कुठल्या तोंडानं मारणार होतो मी?

आत गेलो. आक्काच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. चाहूल लागताच तिनं विचारलं, "संभा, तूच का रं?"

"मीच गं आक्का."

"त्यो फोर म्हनला असता तर बसले असते की मी."

"व्हय."

"मला वाटलं, कुनीतरी वळखीचं आलंय. इतकी वर्सं झाली थितं, ए बाई, सरक बाई, ह्याच्याबिगर कुनी हाक मारली न्हाय. अहो म्हनलं, म्हनून वळले रं."

पलंगाची कड धरून मी खाली बसलो.

तिनं चाचपत माझा हात धरला. "पोराला लई बोलू नगंस. पर तो शब्द तू शिकवला हुतास न्हवं त्याला? नीट, आमास्नी शिकवलास तसा?"

"व्हय आक्का," मी म्हणालो. "शिकवला होता."

माझं तोंड तिला दिसत नव्हतं.