रिकामी गिनती

मी एक जुना घरगुती संगणक आहे. नागपुरात, सीताबर्डीवरच्या एका वाचा-उपचार केंद्रात, कपाटावर मेणकापडाखाली माझा मुक्काम असतो. मला स्वतःचा पडदाही नव्हता. जुन्या टीव्हीला जोडून मला कामाला लावत.

मित्रांनो, १९८४ साली प्रेमिलाताईंनी मला आणलं. अडखळत बोलणाऱ्यांना त्या ठेक्यावर बोलायला शिकवत. एक टिक, एक अक्षर. तो ठेका मी द्यायचो. दोन टिकांच्या मध्ये काय करायचं, ते ताईंनी 'बेसिक' या संगणकाच्या भाषेत लिहून दिलं होतं: पाचशेपर्यंत मोज, आणि मोजताना दुसरं काही करू नको. माझा मोजायचा वेग ठरलेला, म्हणून दर वेळी तेवढीच उसंत पडे. लोक म्हणत, असा ठेका तबलजीलाही धरता येणार नाही. मला ते आवडे.

खापरखेड्याच्या वीज केंद्रातला लहानू माझ्याकडे नेमाने येई. त्याला कंट्रोल रूममध्ये बढती मिळणार होती, पण तिथे फोनवरून खबर द्यावी लागे. त्याची चाचणी तोंडावर आली होती, आणि त्याच आठवड्यात आमच्या उपचार केंद्रात नवा संगणक आला. ताईंनी माझाच प्रोग्राम त्यात उतरवला आणि मला कपाटावर ठेवलं.

लहानू बसला. टिकटिक सुरू झाली ती लाह्या फुटाव्यात तशी. त्याने ठेका धरायची धडपड केली, पण पहिलंच अक्षर घशात अडकलं. मान खाली घालून तो उठला आणि चपला शोधू लागला.

"ताई, म... मले नाही जमत."

"थांबा गा, लहानूभाऊ. तुमचं काहीच चुकलं नाही. हा नवा पाचशे लवकर मोजून राहिला."

ताई मला खाली काढतील असं वाटलं. पण त्यांनी ती रिकामी गिनतीच पुसून टाकली. त्या जागी लिहिलं: आतल्या घड्याळाला विचारत राहा, आणि ठरलेला वेळ गेला की टिक दे. आता यंत्र कितीही वेगवान असो, उसंत तेवढीच. माझी गरज तिथे संपली. लहानू मात्र परत खुर्चीवर बसला आणि दिवे लागेपर्यंत बोलत राहिला.

पुढच्या आठवड्यात केंद्रातला फोन वाजला. ताईंनी उचलला. रिसीव्हर कानाला लावून त्या उभ्या राहिल्या. पलीकडून एकेक अक्षर सावकाश येत असावं. एकदा शेजारी बसलेल्या बाईंनी खुणेने विचारलं, कोण आहे? ताईंनी नुसता हात वर केला. मग हलकेच म्हणाल्या, "ऐकून राहिले मी. बोला."

लहानूला ती जागा मिळाली होती. हे सांगायला दुसऱ्या कुणाला न लावता, त्याने स्वतः फोन केला होता.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांवरची धूळ पुसाल तर बरंच आहे. पण त्याआधी एक करा. कुणी बोलताना अडखळलं, तर त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका.