एका मनगटाचा पास

आमच्या लातुरात पोरांना खोली मिळते, मेसचा डबा मिळतो आणि क्लास तर हात दाखवाल तिथं मिळतो. आईबाप पोरीला एस.टी.तून उतरवतात, खाटेवर गादी टाकून देतात आणि निघताना एकच सांगून जातात, "इकडंतिकडं बघू नको." पोरं बिचारी आज्ञाधारक. इकडं बघत नाहीत, तिकडंही बघत नाहीत. शेजारच्या खाटेवर कोण रडतंय तेही बघत नाहीत. मग आपणच म्हणतो, आजकालची पोरं लई एकलकोंडी झालीत. कमाल आहे आपली!

उमरी तालुक्यातल्या शेतकऱ्याची पुनम अशीच आज्ञाधारक होती. अकरावीला होती, डॉक्टर व्हायचं होतं. होस्टेलच्या खोलीत तिच्यासोबत अर्धापूरची जेबा राहायची. जेबाचे अब्बा केळीचे घड ट्रकमध्ये भरून देण्याचं काम करत. होस्टेलात पिण्याचं पाणी पहाटे पाचला यायचं आणि तासाभरात जायचं. जेबा उठायची, रांगेत उभी राहायची आणि दोन बाटल्या भरून आणायची, एक आपली, एक पुनमची. पुनम तोवर खाटेवर बसून पाठांतर करायची. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत हा रिवाज एकदाही चुकला नाही. "आज मी जाते" असं पुनम एकदाही म्हणाली नाही. सवय झाली की उपकार दिसत नाहीत, तसंच झालं.

जेबाला रसायनशास्त्र जड जायचं. ती कधीमधी विचारायची, "कालची वही दे ना जरा."

"माझीच अपुरी हाय," पुनम सांगायची. पुरी झालेली वही तिच्या उशाखाली असायची. खोटं बोलताना पहिल्यांदा जीभ अडखळली होती, नंतर अडखळेनाशी झाली. क्लासातले सर रोज सांगायचे की शेजारी बसलेला तुमचा दोस्त नाही, तुमची सीट खाणारा माणूस आहे. पुनमनं ते मनावर घेतलं होतं.

फेब्रुवारीच्या चाचणीत पुनम पहिली आली. जेबाचा नंबर दोनशे चौदावा. गुरुवारी संध्याकाळी जेबा कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "अब्बा म्हणतेत, बस झालं आता, घरी ये. रविवारी सहलीच्या तिथूनच यासेरभाई घेऊन जाणार हाय मला. चार वाजता."

"बरं," पुनम म्हणाली आणि तिनं पान उलटलं. त्या पानावरचं तिला काही वाचता आलं नाही. आता खोलीत आपण एकटे, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. पण ते जेबाला सांगायचं कसं, हे तिला कुठल्याच क्लासात शिकवलं नव्हतं. दोन दिवस उरले होते, आणि रविवारी चारच्या आत काहीतरी बोलायचं असं तिनं मनाशी ठरवलं.

सहल होती 'मौजमहाल'ला, लातूर-नांदेड रस्त्यावरच्या वॉटर पार्कात. तिथले दर कसे, तेही ऐका. बाहेरचं पाणी आत न्यायचं नाही, बाटल्या फाटकावर ठेवायच्या. आत वीसची बाटली चाळीसला आणि सरबताचा पेला तीसला. पण दिवसभर हवं तेवढं प्या असा पास फक्त दीडशेला. माणूस उन्हात उभं राहून विचार करतं, पाच पेल्यांत पास वसूल होतो, आणि पास घेतं. मग वसूल करायचा म्हणून तहान नसताना पीत सुटतं. चौघांत एक पास घ्यायचा आणि आळीपाळीनं प्यायचं, ही अक्कल आपल्या लोकांना कुणी शिकवावी लागत नाही. म्हणून मालकानं पासाचा निळा कागदी पट्टा काढला होता. तो मनगटाला चिकटवायचा, ओढला की फाटायचा. काउंटरवर पाटी होती, 'एक पास, एक माणूस. पास वाटून घेतल्यास जप्त.'

क्लासच्या सरांनी पहिल्या दहा नंबरांना हे निळे पट्टे फुकट दिले. बाकीच्यांनी आपले आपण घ्यावेत. सगळ्यांसमोर पुनमच्या मनगटाला सरांनी स्वतः पट्टा चिकटवला, टाळ्या वाजल्या. जेबानंही वाजवल्या. तिनं पास घेतला नाही. जी पोरगी उद्यापासून क्लासलाच नाही, ती दीडशे रुपये कशाला खर्च करील.

दुपारपर्यंत दोघी पाण्यात खेळल्या. घसरगुंडीवर जेबा किंचाळत होती, पुनमही हसली, बऱ्याच दिवसांनी हसली. बोलावं असं तिला दोनदा वाटलं, दोन्ही वेळा रांग पुढं सरकली. दोन वाजता ऊन रणरणायला लागलं. पुनमनं काउंटरवरून नारंगी सरबताचा पेला घेतला आणि दोघी बाकावर बसल्या.

जेबाचे ओठ सुकले होते. "एक घोट दे ना गं," ती म्हणाली. "वरून पिते, उष्टं करत न्हाई."

पुनमनं काउंटरकडं पाहिलं. तिथं श्रीमंत नावाचा माणूस गळ्यात शिट्टी अडकवून उभा होता, पास वाटून घेणाऱ्यांना पकडणं हेच त्याचं काम. त्यानं सकाळीच एका म्हाताऱ्याचा पट्टा सगळ्यांदेखत फाडला होता.

"नियम हाय, जेबा," पुनम म्हणाली. "पट्टा फाडतेत ते. सरांना कळलं तर?"

जेबा तिच्याकडं बघत राहिली. मग हसली. "बरं बाई, राहू दे," म्हणाली आणि उठून झाडांच्या बाजूला निघून गेली. रागानं नाही गेली. रागानं गेली असती तर पुनमला बरं वाटलं असतं.

पुनमनं तो पेला संपवला. मग लिंबाचा आणला, मग कोकमाचा. पाचवा पेला घेतला तेव्हा पोटात पाणी डचमळत होतं आणि घशात मात्र कोरड होती. शेकडो पोरं आजूबाजूला ओरडत होती. तिच्या बाकावर दुसरं कुणी नव्हतं.

काउंटरच्या मागं चांदबी पेले विसळत बसलेली असायची. पंचेचाळिशीची बाई, कपाळावर पदर, हात कायम ओले. दोन वाजल्यापासून ती हे सगळं बघत होती.

"ए पोरी, इकडं ये. अजून किती पेणार हायस?"

"पास हाय माझ्याकडं, मावशी."

"ते दिसतंय. तुझ्यासंगं ती दुसरी होती, ती कुठं गेली?"

पुनमनं खाली मान घातली. मग तिनं नियम सांगितला, पाटी दाखवली, श्रीमंतची शिट्टी दाखवली. बोलताना तिचा आवाज चढत गेला, कारण आपलं बरोबर आहे हे तिला स्वतःलाच पटवायचं होतं.

"नियम मोड असं मी न्हाई म्हणत," चांदबी म्हणाली. "मी इथलंच मीठ खाते. पास वाटू नको असं लिहिलंय, बराबर हाय. पण तिला एक बाटली घेऊन देऊ नको, असं लिहिलंय का? पैसे नव्हते तुझ्यापाशी?"

पुनमच्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली शंभराची नोट होती. तिनं खिशावर हात दाबला.

"आणि हे बघ." चांदबीनं मागच्या भिंतीकडं बोट केलं. तिथं संडासाच्या आडोशाला एक मोठा माठ होता आणि त्यावर धूळ बसलेली पाटी, 'पिण्याचे पाणी'. "पाटी लावावी लागते म्हणून लावली, आणि कुणाला दिसू नये म्हणून मागं लावली. ज्यानं विचारलं त्याला मी देते. तू विचारलंच न्हाई. मैत्रीण तहानली, तर तुला आधी शिट्टी दिसली."

"लई चुकलं का माझं, मावशी?" पुनमनं हळूच विचारलं.

चांदबीनं हात पुसले. "माझं ऐक. भूकंप झाला तेव्हा नवी नवरी होते मी. माहेराला गेले होते म्हणून राहिले. सासू, सासरे, दोन दीर, नणंद, आमचे मालक, सगळे घरासंगं गेले. मी परत आले तर घर नव्हतंच, पत्र्याच्या शेडात जागा दिली. पाणी टँकरनं यायचं आणि रेशनच्या यादीवरून मिळायचं. यादीत आमच्या घरची सात नावं होती, अजून कापली नव्हती. टँकरवाल्यानं सात माणसांच्या सात घागरी भरून दिल्या मला."

तिनं कपाळावरचा पदर नीट केला.

"सातही घागरी मी शेडात ओळीनं मांडल्या आणि राखत बसले. शेजारची लेकरं तांब्या घेऊन आली, त्यांना हाकललं. म्हटलं, हे माझ्या माणसांचं पाणी हाय. दोन दिवस बसले तशीच. पाहिजे तेवढं पाणी होतं, पोरी, आणि मी घोटभर पेले न्हाई. कुणासंगं पेणार? मग बाजूच्या शेडातली सिद्धम्मा आली. कर्नाटकाकडची म्हातारी, तिचाही लेक गेलेला. तिनं मागितलं काहीच न्हाई. स्वतःच्या वाट्याचं पाणी तांब्यात आणलं आणि माझ्या तोंडाला लावलं. 'नीर कुडी,' म्हणाली. पाणी पी, म्हणून. तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. रडून झाल्यावर मी सहा घागरी वाटून टाकल्या. त्या लेकरांची आता लग्नं झालीत, त्यांची पोरं मला नानी म्हणतेत."

पुनमचे डोळे भरले.

"एकट्यानं कितीबी पी, तहान जात न्हाई. तू आज पाच पेले पेलीस. गेली का?"

"न्हाई," पुनम म्हणाली. मग तिला एकदम चारची आठवण झाली. "मावशी, तिचा भाऊ तिला न्यायला येणार हाय. ती परत येणारच न्हाई लातूरला!"

"मग इथं काय करून राहिलीस?" चांदबीनं माठातून तांब्या भरून तिच्या हातात दिला. "पळ."

पुनम पळाली. तांब्यातलं पाणी हिंदकळत होतं, अर्धं रस्त्यात सांडलं. फाटकावर पोचली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर रस्ता मोकळा होता. नांदेडच्या बाजूला एक ट्रक गेला, त्याची धूळ तेवढी उरली होती.

फाटकावरच्या म्हाताऱ्या राखणदाराचं नाव ग्यानोबा. त्यानं तिच्या ओल्या कपड्यांकडं पाहिलं. "उमरीची पुनम तूच का?"

"हाव. जेबा कुठाय?"

"गेली की. भाऊ आला मोटारसायकल घेऊन. थांबली व्हती थोडी, आत बघत व्हती. भाऊ म्हणाला, उशीर होतोय." ग्यानोबानं बाटल्यांच्या ढिगाशेजारून एक बाटली उचलली. "ही तुझी म्हणं. समोरच्या हॉटेलातून भरून आणली तिनं. तुला परतीच्या गाडीत तहान लागंल, म्हणाली."

पुनमची निळ्या झाकणाची बाटली काठोकाठ भरलेली होती. रोज पहाटे असायची तशीच.

एका हातात सांडलेला तांब्या आणि एका हातात भरलेली बाटली घेऊन ती तिथंच बसली आणि रडली. फाटकात येणारेजाणारे बघत होते, सरही बघत होते. तिनं मनगटावरचा पट्टा ओढला, तो फाटला. काउंटरकडून आलेला श्रीमंत म्हणाला, "अगं, फाटला की पुन्हा चालत न्हाई." ती म्हणाली, "नकोच हाय मला." श्रीमंत तिच्या हातातल्या तांब्याकडं बघत राहिला आणि शिट्टी न वाजवता परत गेला. त्या आठवड्यात माठावरची पाटी काउंटरच्या पुढं आली, असं चांदबी सांगते. कुणी आणली ते ती सांगत नाही.

त्या संध्याकाळी होस्टेलच्या खोलीत दुसरी खाट रिकामी होती, गादी गुंडाळलेली. पहाटे पाचला पुनम पहिल्यांदा रांगेत उभी राहिली. तेव्हा तिला कळलं की रांगेत किती वेळ जातो आणि पाय किती दुखतात. हाताशी बाटली एकच होती.

पुढच्या रविवारी चाचणी होती. पुनम चाचणीला गेली नाही. उशाखालच्या तिन्ही वह्या पिशवीत घालून तिनं नांदेडची गाडी धरली आणि तिथून अर्धापूर गाठलं. विचारत विचारत ती जेबाच्या दारात उभी राहिली तेव्हा दुपार झाली होती. जेबानं दार उघडलं. तिनं पुनमकडं पाहिलं, हातातल्या पिशवीकडं पाहिलं. मग जेबा आत गेली आणि आपल्याकडं दारात आलेल्याला आधी जे देतात तेच घेऊन आली, पाण्याचा तांब्या.

पुनमनं तांब्या हातात घेतला आणि जेबाच्या पुढं धरला. "आधी तू पी," ती म्हणाली. "मग मी पेते."

जेबा लातूरला परतली नाही. अब्बांचा शब्द तो शब्दच राहिला. पण दर आठवड्याला लातूरहून एक वही एस.टी.नं अर्धापूरला जाऊ लागली आणि तिथून जेबाच्या शंकांच्या खुणा घेऊन परत येऊ लागली. कुणाचा नंबर कितवा आला ते मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तुम्ही तेवढंच लक्षात ठेवाल.

मंडळी, पास वाटायचा नाही हा दुकानाचा नियम आहे, तो दुकानात पाळा. पण तो मनगटाला चिकटवून घरी आणू नका, पोरांच्या वह्यांना लावू नका. पाणी काय, विद्या काय, वाटल्यानं कुणाची तहान वाढत नाही. राखत बसणाऱ्याची मात्र वाढते. जूनमध्ये तुम्ही पोरांना लातूर-नांदेडला सोडायला जाल. "इकडंतिकडं बघू नको" असं सांगण्याआधी शेजारच्या खाटेवरच्या लेकराचं नाव तेवढं विचारून घ्या.