पाण्यात ठेवलेली माणसं

"हात घालू नका, मास्तर. पूजेचं पाणी हाय," चेअरमनचा माणूस बन्सी म्हणाला.

शहादेव मास्तर काठावरच थांबले. साखर कारखान्याच्या विश्रामगृहामागचा हौद टँकरनं काठोकाठ भरला होता. वर झेंडूच्या सडक्या पाकळ्या, केळीची सालं, कुंकवाचा तवंग. आणि त्या सगळ्यात मास्तरांचे सात फोटो उताणे तरंगत होते.

फोटो शास्त्रीय संगीतातल्या रचनाकारांचे होते. गाणाऱ्याला सगळे ओळखतात; चीज बांधली कुणी, हे कुणी विचारत नाही. म्हणून मास्तर अशा माणसांचे पत्ते शोधून त्यांना पत्रं लिहीत, सही केलेला फोटो मागत. तेलगावच्या शाळेत एखादी चीज शिकवण्याआधी ते मुलांना तो फोटो दाखवत, शाईच्या सहीवरून हळूच बोट फिरवू देत. सातांपैकी आता एकटे गणपतबुवा हयात होते.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. चेअरमन सुंदररावांनी कारखान्यावर मल्हाराची मैफल ठरवली आणि मंचावर लावायला फोटो मागितले. आजवर गावात ते कुणी मागितले नव्हते. मास्तरांनी हौसेनं नेऊन दिले. मल्हार हा पावसाचा राग, यांतल्या दोघांनी त्यात चिजा बांधल्यात, असं समजावूनही सांगितलं. सुंदररावांनी त्यातला पाऊस तेवढा ऐकला. पाऊस येईना की आपल्याकडे देव पाण्यात ठेवतात. त्यांनी काचा-चौकटी काढून या माणसांनाही ठेवलं.

पानाची पिंक तुळशीच्या कुंडीत टाकून सुंदरराव पुढं आले.

"पाऊस येईस्तोवर काढता येत न्हाईत, मास्तर. तुमी लोक देव मानत न्हाईत. तुमाला काय कळायचं त्यातलं?"

"हे देव न्हाईत, साहेब. सह्या विरघळाया लागल्यात."

"दुसऱ्या मागवू की. पोस्टाचा खर्च कारखाना करील."

बन्सी हसला.

"सहा माणसं गेली," मास्तर म्हणाले. "सातव्याचा हात आता चालत न्हाई."

सुंदररावांनी आवाजात तूप आणलं. आज फोटो काढले आणि पाऊस हुकला, तर गाव मास्तरांनाच धरील, त्यांना शाळेत पुन्हा पाऊल ठेवू देणार नाही, असं ते काळजीनं समजावत राहिले. बोलताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात लाल फेस जमला होता. मास्तरांना शिसारी आली.

फाटकाबाहेर बौद्धवस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उन्हात बसल्या होत्या. हौदात ओतलेला आजचा टँकर त्यांच्या वाट्याचा होता. मास्तर त्याच वस्तीतले.

त्यांनी बाही वर सारली.

"धरू द्या मला. टँकर कुणाचा होता, ते बी गाव इचारल."

आणि हात खांद्यापर्यंत हौदात घातला.

बन्सीनं चेअरमनकडं पाहिलं. सुंदरराव 'पूजा बाटवली' म्हणत आत निघून गेले.

मास्तरांनी एकेक फोटो काठावर मांडला. चेहरे शाबूत होते. सह्यांच्या जागी निळसर ओघळ. गणपतबुवांच्या नावाखालची रेघ तेवढी उरली होती. ती त्यांनी थोडा वेळ पाहिली. मग फाटकाकडं वळून हाक दिली.

"भिवरामावशी, घागरी आणा."

बाया आल्या. भिवराबाईनं घागर काठाला टेकवली आणि पाण्याकडं बघून तोंड वाकडं केलं.

"काय काय कालवलंय रे ह्यात, शहादेवा?"

मास्तर वाकले. दोन्ही तळहातांनी त्यांनी कुंकवाचा तवंग बाजूला सारला, आणि घागर भरेपर्यंत तसाच रोखून धरला.