तेरवीचा मांडव

"काकू, खातं किसनरावांच्या नावावरचं. ते आता नाहीत, म्हणजे ओव्हरड्राफ्टही पुढं चालवता येत नाही," बँकेचे साहेब सांगत होते. "एक लाख चाळीस हजार महिनाभरात भरा. नाही जमलं तर तारण असलेला माल बँकेला उचलावा लागेल."

जयवंताबाईंनी पदर सावरला आणि विचारलं, "सगळाच माल?"

साहेबांनी मान खाली घालून हो म्हटलं. माणूस वाईट नव्हता. नुकताच बदलून आलेला, नियमावर बोट ठेवून चालणारा. नवीन खातं बाईंच्या नावानं देता येईल, पण आधी जुनं मिटलं पाहिजे, एवढंही त्यानं आपणहून सांगितलं.

माल म्हणजे सिंदी रेल्वे गावातलं त्यांचं, मांडवाचं सामान भाड्यानं देणारं बिछायत केंद्र. कनाती, सतरंज्या, खुर्च्या, पंखे आणि पन्नास माणसांपासून हजार माणसांपर्यंतचा स्वयंपाक होईल असे गंज. लग्नसराईआधी किसनराव बँकेतून पैसे उचलायचे, सामान वाढवायचे. गावाचा कापूस विकला की लोक भाडं आणून द्यायचे, आणि बँकेचा खड्डा भरायचा. असं कित्येक वर्षं सुरळीत चाललं होतं. अलीकडं मात्र खड्डा भरता भरत नव्हता, कारण किसनरावांची एक रीत होती. लग्नाचं भाडं ते हक्कानं मागत, तेरवीचं कधीच मागत नसत. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याच्या दारात पैशासाठी उभं राहायचं नाही. त्याला जमेल तेव्हा तो आणून देईल. तेरवीचा हिशोब ते लिहूनसुद्धा ठेवत नसत. काहींनी आणून दिलं, पुष्कळांचं राहिलं. नवरा गेल्यावर वर्षभर बाईंनीही तीच रीत व्रतासारखी सांभाळली होती.

बातमीला पाय फुटले. तिसऱ्या दिवशी वर्ध्याचा कैलास मांडववाला दारात हजर. बोटाच्या पेरांनी एकेक गंज वाजवत तो म्हणाला की माल जुना झाला, भंगारातच जाईल वैनी, तरी मी दीड लाख देतो. एकट्या बाईमाणसानं बांबू कुठवर वाहायचे? सावंगीच्या दवाखान्यात नर्स असलेली लेक वर्षाली फोनवर तेच म्हणत होती, विकून टाक न् इकडं येजो. बाईंनी कैलासला सोमवारी यायला सांगितलं. नाही म्हणायला त्यांच्याजवळ काही नव्हतं.

त्याच आठवड्यात हनुमानाच्या देवळात सप्ताह बसला. मांडव अर्थातच त्यांचा, आणि देवाच्या कामाला भाडं नाही. मृदंगावर थाप पडली, टाळ एकजीव झाले, आणि आष्टीकडच्या बुवांनी असा काही सूर लावला की अंगणातली लहान पोरंसुद्धा चूप बसली. बाई मागच्या खांबाला टेकून ऐकत होत्या. किती दिवसांनी छाती जरा हलकी झाली होती.

उत्तररंगात बुवांनी गोष्ट लावली. एका बाईनं शेजारणीला अडीनडीला पायलीभर ज्वारी दिली आणि मोठ्या मनानं कधी परत मागितली नाही. शेजारीण लाजेनं पाण्याची वाट बदलू लागली. पुढं बाजाराला जायचा दिवसही बदलला. शेवटी देवळात येणंही सोडलं तिनं. ज्वारीवाली देवाघरी गेली, म्हणाली, देवा, माझं पुण्य लिही. बुवा थांबले. वीणेची तार तेवढी वाजत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "देव म्हणाला, बाई, ज्वारी तुझ्या दानात लिहितो. पण तुला तोंड दाखवायला लागू नये म्हणून शेजारीण माझ्या दारातून परत जात होती, ते कोणाच्या नावावर लिहू?"

लोक विठ्ठल विठ्ठल म्हणाले. जयवंताबाईंनी मान वळवली. मांडवाबाहेर, जिथं उजेड संपतो तिथं, अण्णाजी उभे होते. हा माणूस एकेकाळी बुवांच्या मागं पहिल्या ओळीत टाळ धरायचा. आईच्या तेरवीपासून तो कधी मांडवात आलाच नव्हता, आणि बाईंना वाटत आलं होतं की त्याचं देवावरून मन उडालं.

सकाळी त्या अण्णाजींच्या ओसरीवर जाऊन बसल्या.

"अण्णाजी, तुमच्या आईच्या तेरवीचं भाडं राह्यलं."

अण्णाजी जमिनीकडं पाहतच म्हणाले, "साडेचार हजार होते, वैनी."

"मले आकडा नाई माहीत. यायनं लिहून नाई ठेवला. तुमी म्हणता तेवढे."

"चार सालं झाले." त्यांचा आवाज चढला. "काऊन नाई मागतले तुमी? पह्यल्या साली नव्हते, मग लाज वाटे. तुमी दिसल्या का मी गल्ली बदलो. किसनभाऊ गेले, तं मयतीले मागंच उभा राह्यलो. मले वाटे, आमाले भिकारी समजून सोडून देल्लं यायनं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं आमचं," त्या म्हणाल्या.

अण्णाजी आत गेले, पैसे आणले, आणि बायकोला चहा टाकायला सांगितला.

मग बाई थांबल्या नाहीत. घरोघर गेल्या, आसपासच्या खेड्यांत गेल्या. सगळीकडं एकच बोलणं, तुमीच सांगा किती. कुणी रोख दिले, कुणी पोराच्या मोबाइलवरून पाठवले, कुणी अर्धे देऊन दिवाळीचा वायदा केला. कमलाबाईनं डब्यातून नोटा काढल्या आणि जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. गेलेल्या नवऱ्याबद्दल बोलायला तिला कुणीतरी हवंच होतं. एका मोठ्या व्यापाऱ्यानं मात्र सांगितलं, किसनरावानं आपल्याले माफ केलतं. बाईंनी बरं म्हटलं आणि चपला घातल्या. एवढ्या घरांत खोटं बोलणारा एकच निघाला, याचंच त्यांना नवल वाटलं.

सोमवारी कैलास टेम्पो घेऊनच आला. बाईंनी त्याला चहा पाजला.

"भाऊ, गंज भंगारात जायचे नाई. उद्या काल्याची बुंदी हाय त्यायच्यात. जेवाले येजो."

रिकामा टेम्पो खडखडत परत गेला, तेव्हा समोरच्या आळीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

काल्याला अण्णाजींनी पहिल्या ओळीत टाळ वाजवला. तिथून दहा-बारा दिवसांनी बाईंनी बँकेत शेवटची रक्कम भरली. खात्यावर शून्य उरलं. साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, काकू, आता तुमच्या नावानं तेवढीच मर्यादा मंजूर करून घेतो.

"अर्धीच द्या साहेब," जयवंताबाई म्हणाल्या. "आता मी मागाले शिकली."

त्या आठवड्यात गावातला कवडू वारला. त्याचा पोरगा रोशन, डोकं भादरलेला, दारात येऊन उभा राहिला. बाईंनी आधी त्याला बसवलं, पाणी दिलं, बापाचं दुखणं विचारलं. मग सतरंज्या, कनाती, गंज काढून दिले. गाडी भरली तरी पोरगा घुटमळत होता.

"काकू, आता तं माह्याजवळ..."

"तीन हजार होतात," बाई म्हणाल्या. "आता बापाचं नीट कर. कापूस विकला का मी येईन मागाले."

रोशननं वर पाहिलं. गाडीत न मावलेला मोठा गंज त्यानं स्वतःच खांद्यावर घेतला आणि भर बाजारातून, ताठ मानेनं, घराकडं चालू लागला.